पाचवं अंडं

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास तो आला. हातात उशीचा अभ्रा, त्याला मारलेली गाठ, आणि दुसऱ्या हातात सँडविचचा डबा. वय पंचविशीचं असेल. गोदामात रात्रपाळी करतो, दोन रात्री झोपलेला नाही, हे त्याच्या डोळ्यांवरूनच कळत होतं. अभ्र्यात साप होता आणि डब्यात दोन अंडी.

मी इंग्लंडमध्ये, मिडलंड्समधल्या एका गावात पशुवैद्य आहे. शिकले मुंबईला, परळच्या १८८६ सालापासून चालत आलेल्या पशुवैद्यक कॉलेजात, जुन्या दगडी इमारतीच्या सावलीत. तिथं हात बसला तो गाई-म्हशींवर. सापांचं काम इथं आल्यावर शिकले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले साप घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. इथं मात्र विषारी सापांना परवाना लागतो, बाकीचे साप लोक कुत्र्या-मांजरासारखे पाळतात. आठवड्याला चार-पाच साप तरी माझ्या टेबलावर येतात.

गाठ सोडली तसा सापाने मानेचा पीळ घालून डोकं मागे खेचलं आणि शेपटी टेबलाच्या पत्र्यावर थरथरवली. तैवानची ब्युटी रॅट स्नेक. मादी, तीन वर्षांची, जवळजवळ दोन मीटर लांब. आपल्या धामणीच्या बांध्याची, तशीच चपळ, पण अंगावर लेणं वेगळं. डोळ्याच्या मागे काळी जाड रेघ. पुढच्या अर्ध्या अंगावर काळी नक्षी आणि मागे ती नक्षी विरून शेपटीच्या टोकापर्यंत फिकट पिवळा पट्टा, दोन्ही बाजूंना काळी किनार. चिनी भाषेतल्या नावाचा अर्थच ‘काळ्या भुवयांचा जरीचा साप’ असा आहे. पैठणीचा काठ पाहिलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. चीन, तैवानपासून मलेशिया-इंडोनेशियापर्यंत हा साप आढळतो, आणि आपल्या ईशान्य भारतातही.

हकीकत अशी होती. थंडीत दोन महिने तिला गारव्यात निजवलं, वसंतात नराबरोबर सोडलं, मे महिन्याच्या शेवटी तिनं कात टाकली. कात टाकल्यावर पंधरवड्याच्या आत अंडी येणार हे त्याला ठाऊक होतं. बुधवारी रात्री चार अंडी आली. दोन पाण्याच्या भांड्यात घातली होती, ती सकाळपर्यंत बुडून गेली. दोन कागदावर. त्यानंतर काहीच नाही, आणि पोटाच्या मागच्या भागात गाठी तर स्पष्ट दिसत होत्या. त्याने बोटांनी दाबून बघितलं होतं का, हे मी आधी विचारलं. नाही म्हणाला. बरं झालं. अडकलेलं अंडं बाहेरून दाबलं की अंडनलिका फाटू शकते, आणि अशा माद्या मी टेबलावर मेलेल्या पाहिल्या आहेत.

एक्स-रेच्या खोलीतला दिवा बंद करून मी आधी त्या डब्यातली अंडी पाहिली. त्याने ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या भुग्यात, ती नीट रोवली होती, वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली होती, म्हणजे हलवताना उलटी होऊ नयेत. सापाचं अंडं कोंबडीसारखं फिरवायचं नसतं. फिरवलं तर आतला जीव गुदमरू शकतो. एका अंड्याला टॉर्च लावली तर आत नुसताच पिवळा उजेड. दुसऱ्याला लावली आणि सगळं कवच आतून गुलाबी झालं. कवचालगत कुंकवाच्या दोऱ्यासारख्या बारीक लाल रेषा, एका ठिपक्यापासून फुटलेल्या. मी त्याला बोलावून दाखवलं. तो काही बोलला नाही, खाली वाकून बराच वेळ बघत राहिला.

एक्स-रेत पाच अंडी मोजली. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं असतं, चुना कमी, म्हणून फोटोत ती सावलीसारखीच दिसतात. चार लांबट, एका ओळीत, बटाट्याच्या माळेसारखी. शेपटीकडचं, म्हणजे बाहेर येण्याच्या रांगेत पहिलं, ते मात्र वाकडं आणि फुगलेलं. पाचवं अंडं हेच. त्यानं वाट अडवली होती.

मग मी राहण्याच्या जागेबद्दल विचारलं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. अंडी उबवायची पेटी त्याने दोन महिने आधीच घेऊन ठेवली होती. डिजिटल थर्मोस्टॅट, २७ अंशांवर लावलेला, दार उघडलं तरी अर्ध्या अंशाचा फरक पडत नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. पिल्लांसाठी बारा छोटे डबे धुऊन, लेबलं लावून फळीवर रचलेले. आणि आई कुठे, तर प्लॅस्टिकच्या एका उथळ खोक्यात. खाली कागद, एक पाण्याचं भांडं. फांदी नाही, आडोसा नाही, अंडी घालायला जागा नाही. विक्रेत्याने सांगितलं होतं म्हणे, एवढं पुरतं, साप जागच्या जागी पडूनच असतो. आठवड्याला एक मोठा उंदीर खाऊन ती जाडजूड झाली होती. दोन मीटरचा, झाडावर चढणारा, वटवाघळं आणि पाखरं धरणारा साप. तिच्या अंगात जोर येणार कुठून?

अंड्यांची सगळी तयारी होती. आईची नव्हती.

गुहागर तालुक्यातलं आमचं घर. मी नऊ वर्षांची असेन. मे महिन्यात गोठ्यामागच्या पेंढ्याच्या उडवीतून पेंढा उपसताना गड्याला खाली धामण दिसली, आणि तिच्या वेटोळ्यात पांढरी अंडी. पाच मिनिटांत वाडीतले चार जण काठ्या घेऊन आले. धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते, शेपटीने मारते, असं काय काय बोलणं चाललं होतं. बाबा मध्ये उभे राहिले. “दूध पिते म्हणता, तिच्या तोंडाला ओठ कुठे आहेत ओढायला? आणि भाताचे उंदीर मग कोण खाणार, तुम्ही?” त्यांनी उपसलेला पेंढा परत वर टाकला आणि पाऊस लागेपर्यंत त्या बाजूला कोणी जायचं नाही म्हणून सांगितलं. श्रावणात मी गुपचूप जाऊन हात घातला तर आतला पेंढा कोमट आणि दमट होता, आणि त्यात रिकामी, चिरलेली, कागदासारखी टरफलं.

तो कोमट दमटपणा माझ्या हाताला अजून आठवतो. त्या धामणीने आख्ख्या परसातून तेवढीच जागा शोधून काढली होती. सापाची मादी हेच करते. कात टाकल्यावर ती भटकत राहते, नाक खुपसून बघते, जागा पटत नाही तोवर अंडी धरून ठेवते. पटलीच नाही तर नाइलाजाने पाण्याच्या भांड्यात सोडते, किंवा सोडतच नाही. इथल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात योग्य जागा आणि स्वाभाविक वागण्याची मुभा या दोन्ही गोष्टी मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेल्या आहेत. ते कलम मी त्या रात्री त्याला वाचून दाखवलं नाही. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून आइस्क्रीमचा रिकामा डबा घेतला, झाकणाला मुठीएवढं भोक पाडलं, आत भिजवून पिळलेलं शेवाळ भरलं आणि तिच्या पिंजऱ्यात ठेवला. कॅल्शियम दिलं, कळा आणणारं ऑक्सिटोसिन टोचलं, वर काळं कापड टाकलं. दहा मिनिटांनी कापड उचललं तर ती अख्खीच्या अख्खी त्या डब्यात. भोकातून फक्त जीभ बाहेर येत होती.

सकाळपर्यंत अंडं मात्र आलं नाही. ऑक्सिटोसिन कासवांना जितकं लागू पडतं तितकं सापांना पडत नाही, तरी मला आशा होती.

शनिवारी सकाळी आधी सुई घालून पाहिली. अडकलेल्या अंड्यातला बलक ओढून घेतला की ते चिपतं आणि कधीकधी आपोआप सुटतं. पण दोन दिवस उलटून गेले की आतलं घट्ट होतं. सिरिंजमध्ये थेंबभर पिवळं आलं आणि सुई तुंबली. आता पोट उघडायचं, नाहीतर तिला कायमचं झोपवायचं. मी त्याला फोन करून दोन्ही सांगितलं, खर्चाचा आकडाही सांगितला. त्याच्या एका महिन्याच्या पगारातला मोठा लचका होता तो. तो म्हणाला, करा. मग थोडं थांबून म्हणाला, खोकं मीच लहान दिलं तिला.

शेपटीखालच्या शिरेतून भूल दिली. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे, अगदी समोर असतं, त्यामुळे नळी घालणं सोपं जातं. पण एकदा भूल चढली की साप श्वास घेणंच सोडून देतो. नर्सने फुगा हातात घेतला आणि दर वीस सेकंदांनी एक दाब, असं दोन तास तिच्या वतीने श्वास घेतला. ठोके ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राची पट्टी हृदयावर चिकटवलेली. सबंध खोलीत तेवढाच आवाज, लाटेसारखा, शूऽऽ, शूऽऽ.

पोटाचे रुंद खवले कापायचे नसतात, साप त्यांच्यावरच सरपटतो. बाजूच्या पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधून, खवल्यांच्या सांध्यात वळणं घेत चीर द्यावी लागते. अंडनलिका ओल्या मलमलीसारखी पातळ. पाचवं अंडं तिला आतून चिकटलं होतं. बोथट टोकाने एका बाजूने हळूहळू सोडवत आणलं, मध्ये मध्ये कोमट सलाइन सोडत. घाई केली असती तर नळीचा तुकडाच हातात आला असता. पंचवीस मिनिटं त्या एका अंड्याला लागली. निघालं तेव्हा ते पिकलेल्या पेवंदी बोराच्या रंगाचं होतं, आणि कापलं तर आत चीझसारखा घट्ट गोळा. मागची दोन त्याच चिरेतून सरकत आली, उरलेल्या दोनांसाठी वर आणखी एक चीर द्यावी लागली. सापाची कातडी शिवताना कडा आत वळतात, म्हणून टाके घालताना त्या मुद्दाम बाहेर काढून ठेवायच्या. एकूण बावीस टाके.

मग वाट पाहणं. ऑक्सिजन बंद करून आम्ही साधी हवा द्यायला लागलो, कारण रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की सापाला स्वतः श्वास घ्यायची निकड वाटत नाही. एक तास गेला. दीड गेला. मी तिथेच बसून बाबांना फोन लावला, गुहागरला संध्याकाळचे सात वाजले होते.

“बाळंतीण शुद्धीवर आली का गं?” त्यांनी पहिलं हेच विचारलं. शुक्रवारी रात्री मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

“नाही अजून.”

“जेवलीस?”

“नाही बाबा.”

“मग ठेव फोन. तिच्याकडे बघ आणि काहीतरी खा.”

मी फोन ठेवला आणि तिची शेपटी चिमटीत धरली. काही नाही. पुन्हा दहा मिनिटांनी धरली. या वेळी अगदी हलका, हातातल्या हातात जाणवेल इतकाच, एक पीळ आला. मग बरगड्या एकदा उचलल्या गेल्या, आपल्या आपण. नर्सने फुग्यावरचा हात काढला. साडेचारच्या सुमारास ओठांच्या फटीतून जिभेचं टोक बाहेर आलं, काळं, दुभंगलेलं, तिथेच थबकलं आणि आत गेलं. सापवाल्यांना विचारा, या एका हालचालीवर आमचा किती जीव टांगलेला असतो.

पोटातून काढलेल्या चार अंड्यांना आठवड्याभरात बुरशी आली. पिवळ्या उजेडाच्या अंड्यालाही. लाल रेषांचं एकच उरलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाके काढायला तो तिला घेऊन आला. सापाचे टाके आठ आठवडे ठेवावे लागतात, मधल्या काळात एक कात पडली तर निम्मे कातीबरोबरच सैल होतात. तिची झाली होती. त्याने ती कात वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, अख्खी, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट, आणि कुशीच्या जागी तिच्यावर माझ्या टाक्यांची भोकं. नव्या घराचा फोटो दाखवला. भिंतीएवढं कपाट, त्यात दोन जाड फांद्या, आणि कोपऱ्यात भोक पाडलेला आइस्क्रीमचा डबा. नर एका जाणत्या माणसाला देऊन टाकला होता. पुढच्या वर्षी जोडी लावणार नाही, त्यानंतरही बहुधा नाहीच, म्हणाला. पिल्लं विकत घेणारे मिळतात, पण दोन मीटरचा चिडका साप वीस वर्षं सांभाळणारे किती? मी त्याला ओकिनावाचं सांगितलं. हाच तैवानचा साप माणसांनी त्या जपानी बेटावर नेला, तो सुटला आणि तिथल्या रानात वाढला, आता तिथल्या पाखरांच्या जिवावर उठला आहे. त्याला हे माहीत नव्हतं. त्याने मोबाइलवर लिहून घेतलं.

त्यानंतर आठवड्याभराने पहाटे पाच वाजता त्याचा व्हिडिओ आला. अंडं एका बाजूने बसकं झालं होतं, वरची पेन्सिलीची फुली पुसट. कवचावर नखाने ओढल्यासारखी एक चीर, तिच्यातून चिकट थेंब ओघळलेला. आणि चिरेत पेन्सिलीच्या टोकाएवढं नाक. डोळ्याच्या मागे काळी रेघ आत्ताच दिसत होती. नाक बाहेर आलं, प्रकाश बघून आत गेलं, पुन्हा आलं. पिल्लू असं दिवस दिवस डोकावत राहतं, आतला बलक संपेपर्यंत बाहेर पडत नाही. मी त्याला कळवलं, हात लावू नकोस, ओढू नकोस, झाकण लावून ठेव.

व्हिडिओ बाबांना पाठवला. लगेच फोन आला.

“काळी रेघ दिसत्येय काय गं डोळ्याला? केवढं असेल?”

“बाहेर आलं की हातभर.”

“मग खायला काय देणार त्याला?”

“आठ-दहा दिवस काही नाही बाबा. आधी कात टाकेल.”