ब्लोअरचा फ्यूज उडाला होता, गॅरेजवाला मोटर बदला म्हणत होता (माझा अनुभव)

पावसाळ्यात गाडीचा ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) बंद पडला की गरम होणं राहू द्या, समोरची काच आतून वाफेने पांढरी होते ही खरी पंचाईत. घोटीहून नाशिकला येताना वाडीवऱ्ह्याच्या आसपास आमच्या जुन्या गाडीचा ब्लोअर गपकन थांबला, बाहेर धो धो पाऊस, मग खिडकी बोटभर उघडी ठेवून आणि बायको फडक्याने काच पुसतेय असं करत कसेबसे पाथर्डी फाट्यापर्यंत आलो.

गॅरेजवाल्याला फोन केला तर त्याने गाडी न बघताच निकाल दिला, मोटर गेली, नवीन टाकावी लागेल, चार-साडेचार हजार धरून चला. माझा आतेभाऊ अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, तो म्हणाला, "अरे दादा, आधी फ्यूज तर बघ. आणि मला सांग, एकाही स्पीडला चालत नाही ना?" नव्हताच चालत. त्याचं म्हणणं, खालचे स्पीड बंद आणि फक्त फुल स्पीड चालू असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर (करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग) गेलेला असतो, कारण फुलला करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला जातो. सगळंच ठप्प असेल तर मग फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), अर्थिंग नाहीतर मोटर.

फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत दोन असतात, एक बोनेटमध्ये बॅटरीजवळ आणि एक डॅशबोर्डखाली. कुठला फ्यूज कशाचा ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं, आमच्या झाकणावरचं पुसट झालेलं म्हणून गाडीचं मॅन्युअल शोधलं (इन्शुरन्सच्या कागदांखाली सापडलं). आमच्या गाडीत ब्लोअरला ३० अँपियरचा, म्हणजे हिरवा. रंग ठरलेले असतात, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा, त्यामुळे एकदा लक्षात राहिलं की शोधणं सोपं जातं.

फ्यूज न काढताही तपासता येतो. त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, चावी ऑन करून मल्टिमीटरची काळी पिन गाडीच्या बॉडीच्या उघड्या धातूला आणि लाल पिन एकेका ठिपक्याला लावायची. माझ्याकडे एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणजे उडालेलाच. मग चावी बंद करून बॉक्समधल्याच प्लास्टिकच्या चिमट्याने ओढून काढला.

आणि इथे भावाने जे दाखवलं ते मला नवीन होतं. शॉर्ट झालं असेल तर फ्यूजच्या आत काळा धूर उडाल्यासारखे डाग दिसतात. माझ्या फ्यूजमधली पट्टी मधोमध स्वच्छ वितळून तुटलेली, काळं काही नाही, फक्त वरचं प्लास्टिक थोडं पिवळट. म्हणजे शॉर्टपेक्षा ओव्हरलोडचीच शक्यता जास्त, मोटर जड फिरत असणार आणि जास्त करंट ओढत असणार, नुसता फ्यूज टाकला तर तोही जाणार.

द्वारकेजवळ पार्टच्या दुकानात फ्यूज घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणे, "साहेब चाळीसचा टाका, परत उडायचाच नाही." हो, फ्यूज उडणार नाही, वायर जळेल! ती वायर ३० च्या हिशोबाने दिलेली असते, फ्यूज तिला वाचवायला आहे. तीसचेच दोन घेतले, चांगल्या कंपनीचे, कारण काही स्वस्त फ्यूज वेळेवर वितळतच नाहीत म्हणतात.

ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून खाली सोडला, ब्लोअरचा कनेक्टर काढला, तीन स्क्रू, मोटर पंख्यासकट खाली हातात आली. पंख्याच्या पात्यांमध्ये गुलमोहराची ती बारीक पानं ओल्या चहाच्या चोथ्यासारखी ठासून भरलेली! गाडी कायम सोसायटीच्या गुलमोहराखाली उभी असते आणि आमच्या मॉडेलला केबिन फिल्टरच नाही, काचेखालच्या जाळीतून सगळा कचरा थेट आत. हाताने फिरवला तर पंखा अर्धा फेरा घेऊन थांबायचा. ब्रशने साफ केलं, आतल्या खोबणीतलं पाणी पुसलं, तेव्हा कुठे एका टिचकीत मोकळा फिरायला लागला. कनेक्टरची एक पिन किंचित तपकिरी झालीय, प्लास्टिक वितळलेलं नाही म्हणून तशीच ठेवली.

फ्यूज टाकला, आधी एक नंबरवर चालवला मग वाढवत नेला. भावाने डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवायचा मीटर) आणला होता (घरातल्या वायरिंगचा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी करंटच मोजतो, गाडीत डीसी असतो म्हणून इथे चालत नाही), फुल स्पीडला १३ अँपियरच्या आसपास दाखवत होता, तीसच्या फ्यूजला हे काहीच नाही. आता काचेखालच्या जाळीला आतून बारीक स्टीलची जाळी लावलीय आणि उरलेला हिरवा फ्यूज झाकणातल्या स्पेअरच्या खाचेत ठेवलाय. त्या तपकिरी पिनेकडे मात्र दिवाळीच्या आधी परत एकदा बघणार, तिथे गरम होत असेल तर कनेक्टर बदलून टाकीन.