बिडाच्या तव्यावरचा चीजबर्गर

खिम्यात काहीही घालायचं नाही. आलं-लसूण नाही, कोथिंबीर नाही, अंडं नाही, पावाचा चुरा नाही, आणि मीठसुद्धा नाही.

कोल्हापुरात हे पचायला जड आहे. आपल्याकडं खिमा म्हटला की हात आपोआप चटणीच्या डब्याकडं जातो. पण चटणी घातली की त्याचा कबाब होतो. कबाब चांगलाच लागेल, पण अमेरिकेतल्या जुन्या हॉटेलांत काउंटरवर मिळतो तो चीजबर्गर तो नव्हे. त्या बर्गरची चव येते तापलेल्या लोखंडाला चिकटून खरपूस झालेल्या मांसाच्या कडेतून, आणि तिच्यावर वितळलेल्या चीजमधून. सॉस, लोणचं, पानं ही नंतरची मंडळी.

तिकडं हा बर्गर गोमांसाचा असतो. आपण तो बकऱ्याच्या मटणाचा करायचा, आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. १९९६ला मॅकडोनाल्ड्स भारतात आलं तेव्हा बिग मॅकच्या जागी जो महाराजा मॅक आणला, तो सुरुवातीला मटणाचाच होता. फक्त बकऱ्याच्या मटणाचे दोन स्वभाव आधी ओळखून घ्यावे लागतात. एक, त्याची चरबी मांसात विणलेली नसते, बाहेरून असते, त्यामुळं ती वेगळी मोजून घालावी लागते. दोन, ती चरबी लवकर गोठते. तांबड्या रश्श्याचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी वर जाड थर धरलेला असतो, तीच ही चरबी. बर्गर गार झाला की तोच थर टाळूला बसतो. म्हणून ताटं कोमट करून ठेवायची, खाणाऱ्यांना आधी बसवायचं आणि बर्गर मागून आणायचा.

चार जणांना दुहेरी बर्गर करायचे तर आठ पॅटी लागतात, प्रत्येकी ६० ग्रॅमची. त्यासाठी ४०० ग्रॅम बिनहाडाचं मटण आणि ९० ते १०० ग्रॅम चरबी. दुकानात सरळ सांगायचं, “मामा, फऱ्याचं द्या, हाड काढून. आणि गुर्द्याची चरबी शंभर ग्रॅम वेगळी बांधा.” मांडीचं मटण दिसायला देखणं असतं, पण कोरडं. फऱ्याला, म्हणजे खांद्याच्या भागाला, चव जास्त, मात्र त्यात पांढरे पापुद्रे आणि शिराही जास्त असतात. रश्श्यात तासभर शिजून त्या विरघळतात. इथं मटण तव्यावर जेमतेम अडीच मिनिटं असणार, तेव्हा शीर तशीच राहते आणि दातात अडकते. धारदार सुरीनं पापुद्रे सोलून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही.

आपल्याकडं मटण सकाळी कापलेलं आणि दुपारी शिजवलेलं चांगलं मानतात. बर्गरला मात्र ताज्या मटणाचा खिमा चिकट होतो, कारण नुकत्याच कापलेल्या मांसातली प्रथिनं एकमेकांना जास्त धरतात. तुकडे चाळणीत घालून, खाली ताट ठेवून, एक रात्र फ्रिजमध्ये राहू द्या. वरचं पाणीही निथळतं. पाणी असेल तर मटण तव्यावर भाजण्याऐवजी उकडतं.

दुसऱ्या दिवशी मटणाचे आणि चरबीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून ताटात पसरून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडा ताठ व्हाव्यात, दगड होऊ नये. मिक्सरचं भांडंही सोबत गार करा. मग एका वेळी दीडशे ग्रॅमच घालून एकेक सेकंदाचे सहा-आठ झटके द्यायचे. दाणा साधारण तुरीच्या डाळीएवढा राहिला पाहिजे आणि चरबीचे पांढरे कण वेगळे दिसले पाहिजेत. मिक्सर सलग फिरवला तर चरबी गरम होऊन मांसाला माखते, गुलाबी लगदा होतो, आणि तव्यावर त्याची चरबी सगळी बाहेर येऊन मागं रबर उरतं. दुकानातल्या मशीनमधून खिमा काढून घेणार असाल तर एकदाच फिरवायला सांगा. सवयीनं दोनदा फिरवतात.

मीठ आत का नाही, तेही सांगून टाकतो. मिठानं मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळतं आणि गोंदासारखं काम करतं. सीख कबाब सळईला धरून राहावा म्हणून तिथं हेच हवं असतं. बर्गर मात्र चावताना सुटा सुटा व्हायला हवा. म्हणून मीठ वरून, तव्यावर पडल्यानंतर. खिम्याचे ६० ग्रॅमचे गोळे करतानाही मळायचं नाही. तुटणार नाहीत इतपत सैल गोळा वळायचा आणि परत फ्रिजमध्ये.

तवा बिडाचा, सपाट. चपातीचा खोलगट तवा चालत नाही, कारण पॅटी मधे जाड होते आणि कडा उचलल्या जातात. डोशाचा जाड लोखंडी तवा उत्तम. नॉनस्टिक बाजूलाच ठेवा. एवढ्या तापमानाला त्याचा थर खराब होतो, शिवाय मांस चिकटतच नाही, आणि आपल्याला तर ते चिकटायला हवं आहे. उलथणंही पातळ आणि ताठ धारेचं हवं, नाहीतर खरपूस थर तव्यालाच राहतो. हार्डवेअरच्या दुकानात रंगाऱ्यांची पुट्टी लावायची स्टीलची पट्टी मिळते. ती नवी आणून घासून घेतली तर या कामाला घरातल्या कोणत्याही उलथण्यापेक्षा बरी.

मोठ्या आचेवर तवा पाच-सहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब चुर्र करून आटला तर अजून वेळ आहे. थेंब गोटीसारखा घरंगळत पळायला लागला की तवा तयार. तेलाचा फक्त बोळा फिरवा. गोळा ठेवा, वर बटर पेपरचा चौकोन, आणि जाड बुडाच्या छोट्या पातेल्यानं सगळं वजन टाकून दहा सेकंद दाबा. पॅटी साडेअकरा सेंटिमीटर रुंद व्हायला हवी, म्हणजे जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर येते. भाजताना ती आक्रसते आणि दहा सेंटिमीटरच्या बनवर बरोबर बसते. कडा फाटक्या, जाळीदार झाल्या तर छानच, तिथंच सगळ्यात जास्त कुरकुरीतपणा येतो.

दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात आणि एकदाच. तेव्हा चरबी अजून घट्ट असते, काही गळत नाही. नंतर दाबलं की रस वाहून जातो आणि पॅटीचा पापड होतो. “दाबू नका” आणि “दाबा” हे दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात. दोन्ही बरोबर आहेत, फरक फक्त वेळेचा.

आता चिमूटभर मीठ, थोडी मिरपूड, आणि दीड ते दोन मिनिटं हात लावू नका. मांस साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढं गेलं की त्यातली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातून तो तपकिरी रंग आणि वास तयार होतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२मध्ये ही क्रिया मांडली. वरचा बहुतेक भाग गुलाबीचा राखाडी झाला आणि कडा गडद तपकिरी दिसल्या की पट्टी तव्याला घासत आत सारा आणि एका दमात उलटा. लगेच चीज ठेवा, आणखी ४० सेकंद, आणि खाली. खिम्याचं मांस आतपर्यंत ७१ अंशांना पोचलं पाहिजे. इतकी पातळ पॅटी तिथं सहज पोचते, वेगळी काळजी नको.

एका वेळी दोनच पॅटी. घरातल्या शेगडीची ताकद हॉटेलच्या भट्टीएवढी नसते. चार गोळे टाकले की तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि उकडलेल्या खिम्याचा वास येतो. प्रत्येक जोडीनंतर तवा खरवडून एक मिनिट परत तापवा. खिडकी उघडी ठेवा, धूर होणारच.

चीजच्या बाबतीत उगाच उच्चभ्रूपणा नको. साधी अमूलची स्लाइस या कामाला महागड्या चेडरपेक्षा सरस आहे. चेडर तापलं की तूप सोडतं आणि दाणेदार होतं. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट-फॉस्फेटसारखे क्षार असतात, ते स्निग्ध आणि पाण्याचा अंश फुटू देत नाहीत, म्हणून ते सरळ चादरीसारखं पसरतं. अमेरिकन बर्गरवरचं पिवळं चीज याच जातीचं. पिझ्झ्याचं मोझरेला तर मुळीच नको, नुसत्या तारा ओढत बसाल. स्लाइस दहा मिनिटं आधी बाहेर काढा. तरीही वितळत नसेल तर पॅटीशेजारी चमचाभर पाणी टाकून दहा सेकंद झाकण ठेवा. स्लाइसमध्ये मीठ भरपूर असतं, हे पॅटीवर मीठ टाकताना लक्षात असू द्या.

चेडरच हवं असेल तर ढोकळ्याचं सामान कामाला येतं. १०० ग्रॅम किसलेल्या चीजला ६० मिली पाणी, २ ग्रॅम लिंबूसत्व आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पाण्यात लिंबूसत्व आणि सोडा घातला की फसफसतं आणि सोडियम सायट्रेट तयार होतं. फेस पूर्ण बसल्यावर मंद आचेवर थोडं थोडं चीज घालत घोटा, बटर पेपरवर पातळ पसरा, गार करून कापा.

बनचं दुखणं वेगळंच आहे. आपल्या बेकऱ्यांतला बन एकतर टुटीफ्रुटीचा गोड असतो, नाहीतर इतका हलका की पहिल्याच घासाला भुगा. सकाळचा ताजा साधा बन, दहा सेंटिमीटरचा आणि फार उंच नसलेला मिळाला तर तोच घ्या. नाहीतर घरी करा. ३०० ग्रॅम मैदा, १६० मिली कोमट दूध, १ अंडं, ३० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, आणि शेवटी ४० ग्रॅम मऊ लोणी. दहा-बारा मिनिटं मळा. पीठ हाताला किंचित चिकट राहिलं पाहिजे, मैदा वाढवायचा मोह टाळा. दुप्पट झालं की ८० ग्रॅमचे सात गोळे करा, थोडे चपटे दाबा, परत फुगू द्या, आणि १९० अंशांवर १५ ते १७ मिनिटं भाजा. एप्रिलमध्ये पीठ पाऊण तासात फुगतं, डिसेंबरात दीड तास लागतो. घड्याळ नको, पीठ बघा.

बन कोणताही असो, कापलेली बाजू लोणी लावून मध्यम आचेवर कडा सोनेरी होईपर्यंत भाजायचीच. भाजलेला थर सॉस आत मुरू देत नाही. हे पॅटीच्या आधी उरकून घ्या. मागाहून त्याच तव्यावर भाजला तर बकऱ्याची चरबी बनला लागते.

लोणचं आदल्या दिवशीच लागतं. तिकडच्या बर्गरमधल्या काकडीच्या लोणच्यात ‘डिल’ म्हणून जी पालेभाजी असते ती म्हणजे आपला शेपू, कपिलतीर्थ मंडईत जुडीनं मिळतो. पाव किलो कोवळ्या काकडीच्या ३ मिलिमीटरच्या चकत्या, चमचाभर मीठ लावून अर्धा तास, मग पिळून बरणीत. सोबत मूठभर शेपू, चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा मोहरी, सहा मिरी. १२० मिली व्हिनेगर, तेवढंच पाणी, एकेक चमचा मीठ-साखर उकळून वरून ओता. चोवीस तास फ्रिजमध्ये. आंब्याच्या लोणच्यासारखं हे टिकत नाही, दोन आठवड्यांत संपवा.

सॉस पाच मिनिटांचा: ४ मोठे चमचे मेयोनीज, दीड चमचा टोमॅटो केचप, एक छोटा चमचा पिवळी मस्टर्ड, मोठा चमचाभर वरची काकडी बारीक चिरून, तिचंच थोडं पाणी, आणि रंगाला पाव छोटा चमचा ब्याडगी मिरचीची पूड. संकेश्वरी नको, तिखटानं चीज मरतं. अंड्याविना मेयोनीज बहुधा गोड असतं, तेव्हा व्हिनेगर वाढवा.

रचताना खालच्या बनवर सॉस, चकत्या, बारीक चिरलेलं आइसबर्ग लेट्यूस, मग दोन पॅटी आणि वरचा बन. पानं खाली असली की पॅटीचा रस बनपर्यंत पोचत नाही. टोमॅटो मला अनावश्यक वाटतो, नुसतं पाणी सोडतो.

एकदा हे जमलं की ओक्लाहोमाचा कांदा बर्गर करून बघाच. एल रिनो या गावात १९२०च्या दशकात मांस पुरवठ्याला यावं म्हणून कांदा घालून हा बर्गर करायला लागले. बर्गरमागं अर्धा मोठा कांदा, कागदासारखा पातळ चिरून, किंचित मीठ लावून पिळलेला. गोळा तव्यावर ठेवला की कांद्याचा ढीग वर, आणि मग दाबायचं, म्हणजे कांदा मांसात रुततो. आच थोडी कमी, तीन मिनिटं. उलटल्यावर कांदा खाली जातो, चीज वर येतं, आणि त्यावर बनचे दोन्ही भाग ठेवायचे. कांद्याच्या वाफेत बन मऊ होतो. इथं लादीपावही शोभतो, ३० ग्रॅमच्या छोट्या पॅटीला तर तोच बरा. कांदा जाड चिरला तर अर्धा कच्चा, अर्धा जळका होतो.

शेवटच्या पॅटीनंतर तवा गरम असतानाच खरवडून चरबी रद्दीच्या कागदावर काढा. गरम आहे म्हणून सिंकमध्ये ओतली की पुढच्या वळणावर गोठते, आणि मग प्लंबर शोधत फिरावं लागतं.