सासूबाईंच्या पणजीचं माहेर

"मंगळवारी मला लॉजवर जायचंय," असं फोनवर म्हटल्यावर आई बराच वेळ गप्प. मग हळूच, "लॉजवर? एकटी?" चिपळूणच्या एसटी स्टँडजवळचं, खाली परमिट रूम असलेलं लॉज तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार. तिला समजावता समजावता माझी भाकरी करपली.

हे लॉज म्हणजे बायकांच्या मंडळाची शाखा. मंडळाचं नाव 'डॉटर्स ऑफ स्कोशिया', स्कॉटलंडच्या लेकी. अमेरिकेत आलेल्या स्कॉटिश पुरुषांनी १८७८ साली सेंट लुईसला 'ऑर्डर ऑफ स्कॉटिश क्लॅन्स' (क्लॅन म्हणजे कूळ) काढली होती. आजारपणात आणि घरातलं कर्तं माणूस गेलं तर मदत, हा तिचा मुख्य उद्योग. बायकांचं मंडळ १८९५ चं, आमच्याच कनेटिकटमधल्या न्यू हेवनचं. अध्यक्षीणबाईंना म्हणतात 'चीफ डॉटर', म्हणजे थोरली लेक. माझ्या सासूबाई (समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, पण मराठीत लिहिताना हात धजत नाही) तिथल्या जुन्या सभासद. स्कॉटिश घरात लग्न करून आलेलीलाही तिथे घेतात, म्हणून त्यांनी माझ्यापुढे फॉर्म ठेवला.

फॉर्मवर 'स्कॉटिश नातं कुठून' यासाठी मोजून दोन ओळी होत्या. नवऱ्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, संपलं असतं. पण सासूबाई म्हणाल्या, "माझी पणजी कुठल्या गावची हे आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. तू शोधशील?" सुनेला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या देशांत सारखंच.

माहिती एवढीच होती: नवरा दगडफोड्या, दोघं स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनकडून १८९० च्या आसपास व्हरमाँट राज्यातल्या बॅरी गावी आली. बॅरी ग्रॅनाइटचं गाव. अ‍ॅबरडीन भागही ग्रॅनाइटचाच, त्यामुळे तिथले कारागीर इकडे आले आणि मागोमाग इटलीतले आले. पुढे त्यातले कितीतरी जण दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले.

पणजीबाईंच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल मागवली. नाव आणि नवऱ्याचं आडनाव. वडील: माहीत नाही. आई: माहीत नाही. दाखला लिहून देणारा जावई होता म्हणे, त्याला काय ठाऊक असणार!

स्कॉटलंडच्या नोंदी 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी साइटवर मिळतात. तिथे सक्तीची जन्ममृत्यू नोंद १८५५ पासून आहे. शोध फुकट, पण पान उघडायचं तर सहा क्रेडिट, म्हणजे दीड पौंड. मी दाखल्यावरचं नाव टाकलं. चौदा बायका निघाल्या. एकेक पान उघडत गेले. एक तान्हेपणीच वारलेली, एक ग्लासगोहून कधी न हललेली, एकीचं वय जुळेना. शिवाय आडनावाच्या सुरुवातीच्या 'मॅक'मधला ए एका कारकुनाने लिहिलेला, दुसऱ्याने गाळलेला. एकवीस पौंड गेले. महिनाभर मी ते प्रकरण मिटून ठेवलं.

ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला आम्ही व्हरमाँटला गेलो तेव्हा वाट वाकडी करून बॅरी गाठलं. गावात स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचा ग्रॅनाइटचा पुतळा आहे, १८९९ चा. त्याच्या चौथऱ्यावरची चित्रं कोरली एलिया कोर्ती नावाच्या इटालियन कारागिराने. चार वर्षांनी समाजवादी आणि अराज्यवाद्यांच्या भांडणात त्याला गोळी लागली. होप स्मशानभूमीत तो स्वतःच दगडाचा होऊन बसलाय, हनुवटीला हात लावून, पायाशी हत्यारं. कोटाच्या सुरकुत्या इतक्या खऱ्या की माझा हात आपोआप त्या झटकायला गेला.

पणजीबाईंचा दगड साधा होता, शेवाळ धरलेला. ओल्या टिश्यूने पुसला. वर नवऱ्याचं नाव. खाली 'आणि त्याची पत्नी', पुढे बाईंचं नाव आणि एक वेगळंच आडनाव. सासूबाई म्हणाल्या, "कोरणाऱ्याची चूक असेल."

चूक माझी होती. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कागदोपत्री टिकायचं, थडग्यावरसुद्धा. मी मात्र तिला जन्मापासूनच नवऱ्याच्या आडनावाने शोधत बसले होते. लग्न झालं की आडनाव गेलं, हे माझ्या हाडात इतकं मुरलेलं की दुसरी शक्यता मनात आलीच नाही.

गाडीत बसूनच फोनवर नवं आडनाव टाकलं. अ‍ॅबरडीनशरमधलं केमने, १८६८. केमने म्हणजे पुन्हा ग्रॅनाइटची खाण. पानावर आईचं माहेरचं आडनाव, आईबापांच्या लग्नाची तारीख, लग्नाचं गाव, बापाचा धंदा, आणि जन्माची वेळ, पहाटे चार. हे आईला सांगितलं तर ती लगेच, "मग पत्रिका मांडता येईल की!"

फॉर्मच्या दोन ओळींत मावेना म्हणून वेगळा कागद जोडला. मंडळाने होकार दिला आणि मंगळवारी प्रवेशविधी झाला. आत काय झालं ते सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. बाहेरचं मात्र सांगते. मी पैठणी नेसले होते, वर चौकड्यांची टार्टन सॅश घ्यायची होती. एक म्हाताऱ्या बाई पिन घेऊन पुढे आल्या नि थबकल्या. सॅश उजव्या खांद्यावर हवी, डावा खांदा क्लॅनप्रमुखाच्या बायकोचा मान. माझा डावा खांदा पदराने आधीच अडवलेला. "मग अडचण कसली, उजवा मोकळाच आहे," म्हणत त्यांनी पिन लावली. ती पदरालाही लागली. पैठणीला भोक पडलं, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

रात्री जोडलेल्या कागदाची प्रत पुन्हा पाहिली. केमनेच्या बाईच्या आईचं माहेरचं नाव मला ठाऊक झालं, आणि माझ्या आजीचं? लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, तेव्हा जुनं गेलंच. आईला विचारलं, तिला सांगता येईना. मामा एक नाव सांगतो, मावशी दुसरंच.

आजीचं माहेर गुहागरकडचं. तिथल्या चुलतमामेभावाला फोन केला. तो म्हणाला, तहसील कचेरीत जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, असेल, नकलेसाठी अर्ज टाक, मोडीत असलं तर वाचणारा मी गाठून देतो.

"पण ताई, मुलीचं नाव त्यात बहुतेक नसतं गं," तो म्हणाला. "बापाचं नाव, आणि पुढे नुसतं 'मुलगी'."

मेमध्ये जातेय. अर्ज लिहून ठेवलाय.