तुंबलेला बोका: आधी हृदय, मग नळी

“डॉक्टर, कालपासून सारखा ट्रेमध्ये बसून कुंथतोय. शी अडकलीय, जुलाबाचं औषध द्या.” असं सांगत पाच वर्षांचा बोका टेबलावर ठेवला गेला. मांजर शीसाठी कुंथतंय की लघवीसाठी, हे नुसतं बघून कळत नाही. पोटाला हात लावावा लागतो. याचं मूत्राशय दगडासारखं टणक होतं. असं मूत्राशय जोर लावून दाबायचं नाही, फुटू शकतं.

मला धास्ती होती ती हृदयाची. दवाखान्यात आलेल्या मांजराचे ठोके साधारणपणे मिनिटाला १६० ते २२० असतात. याचे १०० च्या आत, अंगही गार. लघवी तुंबली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय मंदावतं. ईसीजीतही त्याच्याच खुणा: पी लाट गायब, टी लाट उंच. पोटॅशियम लिटरमागे ८.९ मिलीमोल निघालं, ५.५ च्या वर गेलं तरी आम्ही सावध होतो.

समोर अडथळा दिसत असताना हात लघवीच्या नळीकडेच (कॅथेटर) जातो. पण या अवस्थेत गुंगी दिली तर बोका टेबलावरच जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी शिरेतून सलाइन आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, किलोमागे १ मिली, ईसीजीवर नजर ठेवून दहा मिनिटांत सावकाश. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला फक्त अर्ध्या तासाची उसंत मिळते. तेवढ्यात इन्सुलिन द्यायचं, म्हणजे पोटॅशियम पेशींत जातं. इन्सुलिनने साखर घसरते, म्हणून सोबत डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) हवंच, आणि पुढचे काही तास साखरही तपासत राहायची.

ठोके १६० वर आल्यावर गुंगी दिली. शिश्न बाहेर काढून मागे, पाठीच्या कण्याला समांतर ओढून धरलं. त्याने मूत्रमार्गाचं वळण सरळ होतं. नाहीतर नळी भिंतीत घुसते. ३.५ फ्रेंचची (नळीच्या जाडीचं माप) नळी, भरपूर जेली, सलाइनचा झोत. जोर नळीला नाही, पाण्याला द्यायचा. वाळूसारखा बूच मागे सरकला आणि रक्ताळ लघवी वाहू लागली.

खरी जागरणं यानंतर सुरू होतात. एरवी किलोमागे तासाला १-२ मिली होणारी लघवी आता कितीतरी पट वाढू शकते. पिशवीतली लघवी मोजून त्या प्रमाणात सलाइन दिलं नाही, तर शरीर कोरडं पडतं आणि पोटॅशियम उलट खाली घसरतं. नळी एक-दोन दिवस ठेवतो आणि काढल्यावर बोक्याने स्वतःहून लघवी केल्याशिवाय घरी सोडत नाही. पहिल्या आठवड्यात पुन्हा तुंबण्याची भीती मोठी असते. मालकांना एवढंच बजावलं: ओलं खाणं द्या, पाणी वाढवा, आणि कुंथूनही लघवी होत नसेल तर त्याच रात्री घेऊन या.