आमचं अमेरिकेतलं धुणं

मार्च संपता संपता आमच्या गावाची जेजुरी होते. गाव म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी, रॅलेला चिकटलेलं. आयटीवाल्यांची, म्हणजे ओघानेच आपल्या लोकांची दाट वस्ती, आणि त्याहून दाट पाइनची झाडं. या झाडांचे पराग सुटले की गाड्या, खिडक्या, झोपाळे, शेजाऱ्याचं कुत्रं, सगळ्यांवर भंडारा उधळल्यासारखा पिवळा थर बसतो. आणि माझा फोन वाजायला लागतो.

"घर धुवायचंय, उद्या येतोस का?"

मी म्हणतो, एप्रिलच्या शेवटी येतो. आज धुतलं तर परवा पुन्हा पिवळं होईल आणि तुम्ही मलाच बोलाल. या धंद्यात मी पहिली गोष्ट शिकलो ती गिऱ्हाइकाला थांबवण्याची.

धंदा प्रेशर वॉशिंगचा, म्हणजे मशीनच्या दाबाच्या पाण्याने घरं धुण्याचा. २०२३ साली माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून देश सोडायची वेळ आली नाही. सहा महिने अर्ज करून कंटाळलो आणि ओळखीच्या एका म्हाताऱ्या कंत्राटदाराच्या हाताखाली एक हंगाम काढला. गुडघ्यांमुळे त्याला काम सोडायचं होतं. पुढच्या वर्षी त्याचा ट्रेलर, मशीन, होज पाइप आणि अर्धी गिऱ्हाइकं मी विकत घेतली. मी त्याला मनातल्या मनात उस्ताद म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

माझ्या गावी, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आरं, येवढं शिकून लोकांच्या भिती धुतूयास व्हय?"

व्हय. पण त्या भिंती कशा असतात ते आधी सांगतो, कारण आपल्या डोळ्यासमोर विटा, सिमेंट आणि गिलावा असतो. इकडचं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा, आणि आमच्या भागात बऱ्याच घरांना त्यावर बाहेरून विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या. कौलं एकमेकांवर चढवतात तशा त्या वरून खाली चढवलेल्या असतात. पावसाचं पाणी वरून घसरून जातं. पण खालून वर जोरात पाणी मारलंत तर ते पट्टीच्या मागे शिरतं आणि आतलं लाकूड भिजतं. बाहेरून काही दिसत नाही, कळतं ते बुरशीचा वास आल्यावर. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर हिरवं शेवाळ धरतं आणि मग सोसायटीची नोटीस येते. इकडच्या सोसायट्या पत्र पाठवण्यात आपल्या सोसायट्यांच्या चार पावलं पुढे आहेत.

लोकांना वाटतं, हे काम जोराचं आहे. मलाही वाटायचं. नोकरी असताना एका रविवारी मी भाड्याने मशीन आणलं होतं, घरामागचा लाकडी डेक धुवायला. सोबत रंगीत नोझल होती: लाल, पिवळं, हिरवं, पांढरं, काळं. मी लाल लावलं, कारण त्याची धार सगळ्यात बारीक आणि झणझणीत. लाल म्हणजे धारेचा कोन शून्य अंश, पाण्याची सुई. दहा मिनिटांत डेकच्या फळ्यांवर नांगरट झाली. लाकडाचा मऊ भाग उडून गेला, कठीण रेषा वर राहिल्या आणि सगळीकडे तंतू उभे राहिले, ओल्या मांजरासारखे. बायको दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तू धुतोयस की कोरतोयस?" त्या फळ्या अजून तशाच आहेत. पॉलिश पेपर मारून झालं, रंग मारून झाला. उन्हात तिरक्या उजेडात बघितलं की माझं अक्षर दिसतं.

उस्तादाने मला ते लाल नोझल ट्रेलरमधून काढूनच टाकायला लावलं. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३२ ते ३५ पीएसआय हवा असते. आमच्या मशीनचा दाब ४००० पीएसआयपर्यंत जातो. हा दाब घरावर कधीच वापरायचा नसतो. घर धुतं ते क्लोरीन, पाणी तिथवर फक्त घेऊन जातं.

हे क्लोरीनचं औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पोहण्याच्या तलावात टाकतात तेच. घरातल्या ब्लीचपेक्षा कडक, १० ते १२.५ टक्क्यांचं. पंपाच्या पुढे एक छोटा इंजेक्टर असतो. गनला मोठ्या भोकाचं नोझल लावलं की दाब पडतो आणि इंजेक्टर बादलीतलं औषध ओढायला लागतो, साधारण दहा भाग पाण्याला एक भाग. म्हणजे बादलीत १२ टक्के, तर भिंतीवर जेमतेम १ टक्का. त्यात थोडा साबण, म्हणजे ते चिकटून राहतं. बारीक नोझल लावलं की इंजेक्टर ओढायचं थांबतो, नुसतं पाणी येतं. व्हॉल्व्ह नाही, बटण नाही, नोझल बदलणं हाच स्विच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा टेस्टिंगमधली इतकी वर्षं वाया गेल्यासारखी वाटली होती.

प्रत्यक्ष घर धुवायला पाऊण तास लागतो. त्याआधीचा अर्धा तास महत्त्वाचा. घराभोवती एक प्रदक्षिणा घालायची, फोनवर फोटो काढत. जुन्या विनाइलवर बोट फिरवायचं. बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागली तर सावध, कारण तिथे जोरात पाणी मारलं की पट्टे उमटतात आणि ते पुन्हा धुऊन जात नाहीत. दुहेरी काचेच्या खिडक्या नीट बघायच्या. काचांमधलं सील गेलं असेल तर आत धुकं दिसतं. त्याचा फोटो घेतला नाही तर पुढच्या आठवड्यात ते धुकं तुमच्यामुळे आलेलं असतं. बाहेरचे प्लग पॉइंट टेपने बंद करायचे. दारावरची घंटा, कॅमेरा, दिवे झाकायचे.

नळही तपासायचा, कारण पाणी गिऱ्हाइकाचं असतं. पाच गॅलनची बादली नळाखाली धरून घड्याळ लावायचं. मिनिटभरात भरली तर नळ मिनिटाला ५ गॅलन देतो, माझं मशीन ४ पितं, ठीक. दीड मिनिट लागलं तर पंप तहानलेला राहणार आणि हवा ओढून आतून खराब होणार. तिथे नळ आणि पंपाच्या मध्ये टाकी घ्यावी लागते.

मग झाडं. औषधाच्या आधी झाडांना पोटभर पाणी पाजायचं, मध्ये पाजायचं, नंतरही पाजायचं. भिजलेलं पान क्लोरीन कमी ओढून घेतं. हे मी एकदा घाईत विसरलो. मे महिना, दुपारचं ऊन, आणि भिंतीलगत एका आजीबाईंचं हायड्रेंजिया, फुलायच्या बेतातलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नवीन रोप मी लावून दिलं, पण नवऱ्याने लावलेलं झाड आणि नर्सरीतून आणलेलं झाड यांत फरक असतो एवढं त्या बोलल्या.

औषध हलक्या दाबाने, भिंतीच्या तळापासून सुरू करून वर चढत मारायचं, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. पाच-दहा मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही. शेवाळ हिरव्याचं तपकिरी होतं आणि बघता बघता नाहीसं होतं. मग वरून खाली, पाऊस पडतो तसं धुऊन काढायचं. ही थांबायची दहा मिनिटं गिऱ्हाइकाला पचत नाहीत. खिडकीतून बघत असतात, हा नुसता का उभा आहे?

छपरावर तर आम्ही मशीन चालवतच नाही. इकडच्या डांबरी शिंगलच्या, म्हणजे वर खडी चिकटवलेल्या चपट्या तुकड्यांच्या छपरांवर काळे ओघळ दिसतात. लोक त्याला धूळ समजतात. तो ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा जीवाणू असतो आणि शिंगलमध्ये भरलेल्या चुनखडीवर तो जगतो. कधी इकडे आलात तर निरखून बघा: धुराड्याभोवती जस्ताचा पत्रा असतो, त्याच्या खाली छप्पर पट्टीसारखं स्वच्छ राहतं. पावसाबरोबर जस्ताचा अंश उतरतो आणि तिथे हा जीवाणू टिकत नाही. छपरावर जास्त तीव्र औषध हलक्या पंपाने शिंपडायचं, बस. दाबाने धुतलंत तर शिंगलवरची खडी उडते आणि छपराचं आयुष्य पन्हाळीत जमा होतं.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, शेवाळ क्लोरीनने, आणि दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. माझ्या ट्रेलरवर ॲसिडच्या आणि क्लोरीनच्या बादल्या दोन टोकांना असतात, वेगळ्या रंगाच्या. आणि गनसमोर हात न्यायचा नाही, हातमोजा घालूनसुद्धा. दाबाचं पाणी कातडीत शिरलं तर बाहेर टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, आत मात्र पाणी आणि घाण बोटभर लांब पसरलेली असते. दुखत नाही म्हणून माणूस घरी जातो आणि नंतर बोट गमावतो. अशा वेळी थेट इमर्जन्सीत जायचं आणि दाबाच्या पाण्याने झालंय हे आधी सांगायचं. उस्तादाच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. कशाने गेलं ते त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, दुसरं काही शिकवण्याआधी.

पैशांचं थोडक्यात सांगतो. दोन मजली घराचे मी ४०० डॉलर घेतो. ९९ डॉलरवाले दर हंगामात उगवतात आणि त्यांनी कोरून ठेवलेल्या भिंती बघायला मला बोलावलं जातं. विमा घेताना मी पॉलिसी बारकाईने वाचली तेव्हा घाम फुटला. शेजाऱ्याच्या गाडीवर शिडी पडली तर भरपाई मिळते, पण जी भिंत तुम्ही धुताय तिचंच नुकसान झालं तर साध्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा वगळलेलं असतं. ते कलम वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. आपले मराठी गिऱ्हाईक प्रेमाचे, चहा देतात, पोहे देतात आणि मग म्हणतात, "दादा, नुसतं पाणीच तर मारायचंय, अडीचशेत बसवा की." बसवत नाही. पोहे मात्र खातो.

घरासमोरचा काँक्रीटचा ड्राइव्हवे धुणं मला सगळ्यात आवडतं. तिथे जोर चालतो, पण हातातल्या गनने नाही. हाताने मारलं की झेब्र्यासारखे पट्टे राहतात. त्यासाठी गोल झाकणाखाली फिरणारा दांडा असतो, गवत कापायच्या मशीनसारखा ढकलत न्यायचा. आमच्याकडची लाल माती काँक्रीटमध्ये मुरलेली असते, ती सैल होऊन वाहते आणि मागे पांढरी वाट उमटते. घाईने चाललात तर अर्धवट, म्हणून सावकाश, पालखीच्या चालीने.

आणि इथेच मला दरवेळी काहीतरी होतं. मिनिटाला ४ गॅलन म्हणजे १५ लिटर. एक ड्राइव्हवे म्हणजे तास-सव्वा तास. हिशेब केला तर नऊशे ते अकराशे लिटर. २०१३ च्या दुष्काळात मी गावी गेलो होतो, माण तालुका टँकरवर होता. टँकरची वेळ आली की आई दोन पिंपं दारात मांडून बसायची, वरून फडकं बांधून. तेवढ्यात दोन दिवस घर चालायचं, म्हैस छावणीत सोडलेली. इकडे मी हजारभर लिटर सिमेंटवर ओततो, ते स्वच्छ दिसावं म्हणून.

ते पाणी जातं कुठे, हेही उस्तादाने शिकवलं. रस्त्याच्या कडेचं पावसाळी गटार इकडे सांडपाण्याच्या शुद्धीकरणाला जात नाही, सरळ ओढ्याला मिळतं. आमच्या गावाचं पिण्याचं पाणी जॉर्डन लेकमधून येतं आणि गावाच्या पश्चिमेकडचे ओढे त्याच बाजूला उतरतात. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टनंतर अशा गटारात साबण-तेलाचं पाणी सोडणं महागात पडतं. म्हणून आम्ही ओघ हिरवळीकडे वळवतो, आणि दुकानांच्या मागचं तेलकट काम असेल तर बांध घालून पाणी ओढून घेतो. बांध घालायला मला शिकवावं लागलं नाही. चर आणि बांध आम्ही शाळेत असताना श्रमदानात खणलेत.

गेल्या शनिवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कामावर होतो. आमचे सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसात, तिच्या मालिकेची वेळ. तरी तिने केला. मी फोन ट्रेलरच्या कडेला टेकवला आणि तिला दाखवलं: एका बाजूला काळा-तांबडा सिमेंट, एका बाजूला पांढरा, मधे सरळ रेघ. ती बघत राहिली.

"चांगलं निघतंय की," म्हणाली. मग जरा थांबून, "पानी किती लागलं रं?"

मी मशीन बंद केलं. नळ अजून चालू होता, टाकी भरत होती, त्याचा आवाज तिला जाऊ नये म्हणून फोन उचलून दुसऱ्या बाजूला नेला.

"दोन पिंपं," मी म्हटलं.

"लई झालं," ती म्हणाली.