एकतीस सागांचे चौदा महिने

आमच्या गोठ्यात डांगी जातीची बावीस गुरं आहेत. अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरपट्ट्यात पाऊस असा कोसळतो की इथं डांगीच टिकावी. तिची कातडी तेलकट, पाणी अंगावरून ओघळून जातं. दूध मात्र जेमतेम. खरा पैसा बैलांचा होता. भाताच्या चिखलणीला पॉवर टिलर आले तसं गिऱ्हाईक आटलं, आणि 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हातारा बैल विकायची वाटही बंद झाली. त्याला शेवटपर्यंत सांभाळतो, तक्रार नाही. पण पेंढा फुकट येत नाही.

आजोबांनी बांधावर आणि वरच्या माळावर साग राखला होता. सागाच्या पाल्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या रानातही तो वाढला. दर काही वर्षांनी जाड तेवढाच काढायचा, असं ठरवून पहिल्या खेपेला चाळीस झाडं निवडली.

मालकीचा असला तरी साग 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतो, परवानगी लागते. (शेजारच्या महादेव कोळी घराला तर आदिवासी म्हणून 1969 चा वेगळा कायदा, त्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.) अर्ज केला आणि पहिलाच खोडा: सातबाऱ्यावर सागाची नोंदच नाही. आजोबा म्हणायचे, झाडं ढळढळीत दिसतात, लिहायची काय गरज! पंचनामा होऊन नोंद लागायला तीन महिने गेले.

माळ वनखात्याच्या जमिनीला लागून, म्हणून मोजणी. नेमकी तारीख आली श्रावणात. भूमापकांची गाडी चिखलात रुतली, ती आमच्याच बैलांनी ओढून काढली. मोजणीत मात्र नऊ झाडं हद्दीपलीकडे निघाली, त्यात सगळ्यात जाड होतं तेही. घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. पुढे एका टेबलावर फाईल हरवली. झेरॉक्सचा एक संच मी घरी ठेवला होता, म्हणून वाचलो.

मग वनरक्षक आले. छातीच्या उंचीवर टेप लावून गोलाई घेतली, साल तासून रंगाने नंबर टाकले. आमच्या सरदारने, म्हणजे वळूने, रात्रीतून अंग घासून 17 नंबर पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी साहेबांना परत बोलवताना तोंड कसं दाखवावं कळेना.

तोड जमिनीलगत केली. बुडख्यावर, म्हणजे उरलेल्या खुंटावर, आणि प्रत्येक ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी पडली, वाहतूक पास मिळाला, आणि चौदाव्या महिन्यात गाडी भरली. पैशात गोठ्यावर पत्रे पडले, दोन वर्षांच्या पेंढ्याची सोय झाली.

या पावसाळ्यात बुडख्यांना फुटवे आलेत. प्रत्येकी एक जोमदार ठेवून बाकीचे छाटले, भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पाला खात नसला तरी सरदारला पाठ खाजवायला काहीतरी लागतंच.