आमची वाटचाल : कॅबिनेट गिऱ्हाइकासमोरच उघडायचं

देवगडजवळ जामसंड्याला आमची टायपिंगची खोली होती. सासऱ्यांनी घेतलेली सात मशीनं, आणि परीक्षा जवळ आली की पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. २००४ साली त्यातली दोन मशीनं हलवून एक कॉम्प्युटर मांडला, लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करायला. हे नोकरीत, म्हणून दुकान माझ्याकडे. कॉम्प्युटर बंद पडला की कणकवलीहून माणूस यायचा, त्याच्या सवडीने. तीनदा त्याची वाट पाहिली. चौथ्यांदा पेचकस घेऊन मीच बसले.

कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचं खोकं, उघडलं तर एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीत कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं. ते काढलं, धूळ ब्रशने झाडली, तरी मशीन नुसतं लांब-लांब बीप करत राहिलं. रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीची, पट्टी बाहेर काढली तेव्हा तिच्या सोनेरी दातांवर मळकट हिरवा थर दिसला. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेने दाराच्या कड्या खाल्ल्या, तिथे या पट्टीचं काय! टायपिंगच्या पोरांचा खोडरबर घेतला, हलक्या हाताने दात घासले, चुरा फुंकून न टाकता ब्रशने काढला (फुंकरीबरोबर थुंकी जाते), पट्टी परत बसवली. मशीन सुरू. त्या दिवशी मला धंदा कळला असं म्हटलं तरी चालेल. आजही पावसाळ्यानंतर येणाऱ्या ‘डेड’ मशीनांपैकी बरीचशी खोडरबरावर उठतात, आणि त्याचे मी पन्नासच रुपये घेते. नवीन रॅम विकून जास्त सुटले असते, पण गाव लहान आहे.

पुढे असेंबल मशीनं विकायला लागलो. माल मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने यायचा. २०१० मध्ये मी एक मोठी चूक केली. तेव्हा जी४१ चिपसेटचे मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) जोरात होते. त्यातले काही डीडीआर२ पिढीची रॅम घेतात, काही डीडीआर३ ची, आणि खोक्यावर नावात फरक एखाद्या अक्षराचा. मी बोर्ड मागवले डीडीआर३ चे आणि रॅम सांगितली डीडीआर२. दोन्हींना पिना २४०च, लांबी तीच, फक्त मधली खाच थोडी सरकलेली. भाचा तेव्हा नवीन होता. बसत नाही म्हणून त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट् असा आवाज झाला, तो त्याला पट्टी बसल्याचा वाटला. स्लॉट फुटला होता. तो बोर्ड अजून दुकानात भिंतीवर टांगलेला आहे. कोणी विचारलं की भाचाच सांगतो, मला सांगावं लागत नाही. आता तो पट्टी हातात घेतली की आधी खाच बघतो, मग लेबल वाचतो.

त्यानंतर मी नियम केला, कॅबिनेट गिऱ्हाइकासमोर उघडायचं. याचा आम्हाला तोटाही झाला. बघून बघून लोक शिकले आणि पार्ट ऑनलाइन मागवून घरीच जोडायला लागले. नातेवाईक म्हणाले, स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक घालवतेस. थोडं खरंही होतं. पण अडल्यावर तीच माणसं आमच्याकडे येतात, आणि मजुरी देताना घासाघीस करत नाहीत, कारण काम काय असतं ते त्यांना ठाऊक असतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडेलकडच्या एका पोराने फोन केला. कॉलेज ऑनलाइन, आणि भावाचा जुना लॅपटॉप गेलेला. दुकान बंद होतं, पण गोदामात पार्ट होते. भाजीच्या टेम्पोतून खोकी पाठवली आणि म्हटलं, जोड तू, मी सांगते. अडचण एकच, त्याच्या घरी रेंज नाही. मग तो घरात फोटो काढायचा, सड्यावर (वरच्या कातळपठारावर) चढून पाठवायचा, माझं उत्तर वाचून खाली उतरायचा. असं तीन दिवस चाललं.

पहिला फोटो प्रोसेसरवर लावायच्या, उष्णता कूलरकडे नेणाऱ्या पेस्टचा. त्याने पोळीला तूप लावावं तशी फासली होती. पुसायला लावली, तुरीच्या दाण्याएवढी मधोमध पुरते, वरून कूलर दाबला की ती आपोआप पसरते. दुसऱ्या दिवशी निरोप आला: “वयनी, पंखो फिरता, पण पडद्यार कायच दिसणा नाय.” मी बोर्डाच्या चारही कोपऱ्यांचे फोटो मागवले. वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरचा आठ पिनांचा सॉकेट रिकामा! मोठी २४ पिनांची वायर लावली की झालं, असं नव्याला वाटतंच. आठ पिनांची वायर लावल्यावर पडदा उजळला, पण १६ जीबीऐवजी ८ जीबीच दाखवायला लागला. म्हटलं, दुसरी पट्टी एका बाजूने उचललेली असणार, टक् आवाज आला का? तो म्हणाला, एकदाच आला. लाईट बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून (अंगावरची स्थिर वीज उतरते) मग पट्टी परत दाबली. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या, म्हणजे ड्युअल चॅनल चालतं, दोन्ही पट्ट्या एकदम काम करतात. संध्याकाळी सड्यावरून फोटो आला, १६ जीबी. मागे सूर्य बुडत होता, तोही आला फोटोत.

तेव्हापासून शनिवारी दुपारी दुकानातलं मोठं टेबल मोकळं ठेवतो. ज्याला स्वतः जोडायचं आहे त्याने यावं. पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खालचे खुंटे) मोजून लावणं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी हे रॅमच्या पूर्ण वेगाचं सेटिंग चालू करणं (नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावरच पळत राहते), आणि घरी अर्थिंग आहे का हे विचारणं एवढं आम्ही बघतो. अर्थिंगचं मी विनोदाने विचारत नाही. आमच्याकडे जांभा दगड, मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकली की खड्ड्यातलं अर्थिंग नावालाच उरतं, आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. मशीन खराब नसतं. खड्ड्यात पाणी ओतायचं असतं.

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस लाईट नव्हती. आली ती कमी-जास्त होत. त्या महिन्यात एसएमपीएस जेवढे बदलले तेवढे आधीच्या वर्षभरात बदलले नव्हते. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण आंबेवाल्यांचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुनी मशीनं घेऊन माणसं यायला लागली. रॅम वाढवा म्हणतात. मी आधी टास्क मॅनेजर उघडायला लावते, मेमरी किती भरते ते बघू. आठपैकी पाचच भरत असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला, रॅमचे पैसे वाचवा. एका आंबा व्यापाऱ्याला मात्र रॅमच हवी होती. सीझनला बिलं, पेट्यांची यादी आणि ब्राउझरची वीस पानं एकदम उघडी. मी म्हटलं, घाई नाही, फेब्रुवारीत बघू. तेवढ्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव दुपटीच्या वर गेले. त्यांना कोटेशन दाखवताना मला अवघड झालं. तेच म्हणाले, “आंब्याचा भाव मी तुम्हाला असाच सांगतो की.”

शेवटी बिस्किटांचा जुना डबा खाली काढला. भंगारात गेलेल्या मशीनांतून काढलेल्या पट्ट्या मी त्यात जपून ठेवते, कागदात गुंडाळून, तांदळाच्या डब्यात टाकतात तशी सिलिकाची पुडी घालून. डीडीआर४ ची ८ जीबीची एक मिळाली. भाच्याने दात घासले, बसवली, आणि रात्रभर मेमटेस्टला (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामला) लावून आम्ही शटर ओढलं. सकाळी पडद्यावर एकही चूक नव्हती.